तात्यांची कौलं आणि आमचा कायदा

खडकावर कालवं धरतात तसे किस्से धरतात. आज एक, उद्या दोन, आणि एक दिवस पाहावं तर खडकच दिसेनासा झालेला असतो. आमच्या अलिबागच्या भाडेकरू मंडळाचं तसंच झालं. मंडळाने केलं काय, असं कोणी विचारलं तर मला थांबून आठवावं लागतं. मंडळात घडलं काय, असं विचारलंत तर बसा, चहा सांगतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात आणि शेवटी हमखास म्हणतात, "म्हणजे कायद्यावाचून तुमचं काही अडलं नाही की!" त्या वेळी मला संताप येतो. अडलं नाही, खरं आहे. पण दर वैशाखात अडता अडता राहिलं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ज्याला दर वर्षी घर राखावं लागतं, त्याला घर आहे असं म्हणायचं का?

असो. मी नुकताच मुंबईहून एल्एल. बी. होऊन आलो होतो. मुंबईत तेव्हा भाड्याचा कायदा होता. वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाला मालकाच्या मनात आलं म्हणून रस्त्यावर काढता येत नसे. माझा प्रश्न एवढाच होता, की बोटीने रेवसच्या धक्क्यावर टपाल उतरतं, बटाटे उतरतात, हवापालटवाले उतरतात, मग हा कायदा का उतरत नाही? तो आमच्या जिल्ह्यालाही लागू करावा म्हणून मी एक मसुदा लिहायला घेतला, आणि मसुद्याच्या पाठीशी माणसं हवीत म्हणून मंडळ काढलं.

* * *

मंडळाची पहिली मिटिंग राधाबाईंच्या खानावळीत भरली. कोर्टाच्या मागे कोपऱ्यावर त्यांचं घर. माणगाव-रोह्याकडून तारखेला आलेले पक्षकार तिथे जेवायचे, आम्ही सडेफटिंग वकील जेवायचो, शाळेचे दामले मास्तर जेवायचे. ते घर, त्याला लागून असलेली माझी माडी, पलीकडे मास्तरांची खोली, सगळी आळीच तात्यांच्या मालकीची. मिटिंगला जमलेला झाडून सारा गोतावळा तात्यांचा भाडेकरू!

पहिलाच प्रश्न निघाला, अध्यक्ष कोण? सगळे आढ्याकडे बघू लागले. अध्यक्षाचं नाव तात्यांच्या कानावर जाणार, ही भीती. शेवटी दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "अध्यक्ष कसा, वजनदार पाहिजे."

दामले मास्तर म्हणाले, "गावात वजनदार म्हटले तर तात्याच."

मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही. माना डोलल्या. मी म्हटलं, "अहो, आपण ज्यांच्याविरुद्ध मंडळ काढतोय, त्यांनाच..."

"विरुद्ध कशाला, वकील?" कंपाउंडर म्हणाला. "अध्यक्ष झाले म्हणजे विरुद्ध राहायचे नाहीत."

तात्यांना आमंत्रण गेलं. तात्या आले. पांढरंशुभ्र धोतर, हळू आवाज, चेहऱ्यावर तुपासारखी माया. खुर्चीत बसले, मसुदा शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि उभे राहून म्हणाले, "भाडेकरूंचे फार हाल आहेत. एक घरमालक म्हणून मला ते अगदी जवळून माहीत आहेत!"

टाळ्या पडल्या. मी सेक्रेटरी होतो. मलाही वाजवाव्या लागल्या.

* * *

तात्यांनी जन्मात कुणाला "घर सोडा" म्हटलं नाही. नोटीस दिली नाही, आवाज चढवला नाही. त्यांची रीत वेगळी होती.

आमच्याकडे वैशाखात घराची कौलं परततात, म्हणजे उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात. त्यावाचून पुढचे चार महिने घरात राहता येत नाही. तात्यांच्या साऱ्या आळीची कौलं धर्मा परतायचा. मजुरी तात्यांची, आणि काम संपेपर्यंत धर्माचं दुपारचं जेवण त्या घरचं, असा पूर्वापार रिवाज. एखादा भाडेकरू तात्यांना नकोसा झाला, की त्याच्या घरावरची कौलं सर्वांच्या आधी उतरायची, आणि उतरली रे उतरली की धर्माला ताप यायचा! तात्या रोज येऊन हळहळायचे. "काय करू हो, माणूस आजारी पडला. दुसऱ्याचा हात या घराला लागलेला नाही." मृगाचे दिवस जवळ यायचे. भाडेकरू आभाळाकडे बघायचा, भांडी बांधायचा आणि जाताना तात्यांच्या पाया पडायचा!

एकदा कोर्टातून येतो तो कंपाउंडर हातगाडीवर ट्रंका चढवतोय.

"अहो, तुमची कौलं तर जाग्यावर आहेत!" मी म्हटलं.

"आहेत."

"धर्माला ताप आलाय का?"

"ताप नाही आला. पण काल माझ्या दारावरून जाताना खोकला."

"मग?"

"वकील, मी दवाखान्यातला माणूस. दुखणं कुठल्या वळणाला चाललंय ते मला कळतं."

त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मसुद्यात नवीन कलम घातलं, की भाडं देणाऱ्याला काढता येणार नाही, एवढंच नव्हे तर मालकाने छप्पर वेळच्या वेळी दुरुस्त केलंच पाहिजे. दामले मास्तरांना ते वाचून दाखवलं. कारण त्यांनीच आदल्या आठवड्यात विचारलं होतं, "वकील, तुमचा कायदा माणसाला घरात ठेवील. पण घरावर कौलं कोण ठेवील?"

मास्तरांनी कलम ऐकलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "उत्तम. आता धर्माच्या तापावर एक कलम घाला."

* * *

दामले मास्तर विचार करत तसेच जेवतही. घास तोंडात गेला की तो पोटात पोचेपर्यंत मास्तरांचा आणि जगाचा संबंध सुटायचा. पोरं म्हणायची, मास्तरांचा पहिला भात संपेपर्यंत भरती ओसरते.

तात्याही राधाबाईंकडेच जेवत. त्यांच्या पत्नी मुंबईला मुलाकडे राहिल्या होत्या. स्वतःच्या भाडेकरणीच्या हातचं जेवायचं आणि स्वतःच्याच घरात पाटावर बसायचं, यात तात्यांना काही वावगं वाटत नव्हतं. तात्यांचे पंगतीचे नियम मात्र कडक! उघड्या डोक्याने बसायचं. पानावर बसल्यावर व्यवहाराचं बोलायचं नाही. आणि शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी उठायचं नाही.

मी मुंबईच्या क्लबात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, जेवायला शिकलेलो; तिथे ज्याचं झालं तो उठायचा. एकदा अकराच्या ठोक्याला कोर्टात माझी केस होती, आयुष्यातली दुसरी की तिसरी. मी भराभर जेवलो आणि उठलो. मास्तर अजून वरणातच होते.

तात्या शांतपणे म्हणाले, "वकील, मुंबईत पंगत मोडायचाही कायदा झालाय वाटतं?"

पंगत हसली. मी परत बसलो. हात वाळले. मास्तर ताकापर्यंत आले. मी कोर्टात पोचलो तेव्हा माझी केस पुढे ढकलली गेली होती. पक्षकाराने विचारलं, "कुठं होतात साहेब?" काय सांगू त्याला? दामले मास्तर चावत होते!

* * *

राधाबाई तशा फार कमी बोलायच्या, पण बोलल्या की पुरे. त्यांचे यजमान गणपतराव मुंबईला एका पेढीवर कारकून होते. ते वर्षातून दोनदा यायचे, गौरी-गणपतीला आणि शिमग्याला. राधाबाई इथे खानावळ चालवायच्या. मुंबईची खोली दोघांना पुरत नव्हती, आणि एकट्या पगारावर दोघं जगत नव्हती.

एकदा मी सहज राधाबाईंना विचारलं, "भाडेचिठ्ठी कुणाच्या नावावर आहे?"

"त्यांच्या."

"आणि इथे राहतं कोण?"

"मी."

मी कपाळाला हात लावला. कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू गणपतराव. आणि ते तर मुंबईत! मी तात्यांकडे गेलो. म्हटलं, चिठ्ठी राधाबाईंच्या नावे करून द्या. तात्या मायेने म्हणाले, "कशाला? मी त्यांना काढतोय का? माझे भाडेकरू गणपतराव. त्यांना मी घरातून काढतो असं म्हणायला ते आधी घरात तरी पाहिजेत!"

बायकोलाही भाडेकरू मानावं, असं कलम मी त्याच दिवशी घातलं. मसुदा आता चांगलाच जाड होऊ लागला होता.

त्या गणपतीत गणपतराव आले. त्यांना मुंबईची हकीकत विचारली. म्हणाले, "आमच्या मालकाने नळ बंद केला, जिन्यावरचा दिवा काढला, माझ्या दारासमोर बकरी बांधली. पण मला हलवता काही आलं नाही! कोर्टाने सांगितलं, भाडं देतोय तोवर माणूस तिथेच राहील." आणि छाती फुगवून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

राधाबाई मोदकाच्या पारीला मुखऱ्या पाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या डोक्यावर सरकार आहे. माझ्या डोक्यावर धर्मा आहे."

एकाच नवराबायकोचा अर्धा संसार कायद्यात आणि अर्धा उघड्यावर! मुंबईच्या कायदे-कौन्सिलात कुणी हे एक वाक्य बोललं असतं तरी काम झालं असतं, असं मला तेव्हा वाटे.

* * *

आणि काय योग पाहा, कौन्सिलचे एक मेंबरच अलिबागला हवापालटासाठी आले! मी दुसऱ्याच दिवशी मसुदा घेऊन त्यांच्या मुक्कामी हजर. सोबत दामले मास्तर. मेंबरसाहेब फार सज्जन माणूस. त्यांनी सगळी कलमं ऐकली. धर्माच्या तापावर मनापासून हसले, आणि मनापासून गंभीरही झाले. "हा अन्याय आहे," म्हणाले. "मी हे कौन्सिलात मांडीन." मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

निघताना ते आम्हाला पोचवायला कोर्टाच्या कोपऱ्यापर्यंत चालत आले. समुद्रावरून वारा येत होता. राधाबाईंच्या ओटीवर नारळाच्या झापांची सावली हलत होती. मेंबरसाहेब थांबले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! काय जागा आहे! हे कोपऱ्यावरचं घर कुणाचं? भाड्याने मिळेल का हो?"

मी काही बोलायच्या आत मागून हळू आवाज आला, "का नाही मिळणार? आपल्यासारख्यांनी यायचं तर मिळालंच पाहिजे."

तात्या संध्याकाळच्या फेरीला निघाले होते.

मेंबरसाहेब गेल्यावर मास्तर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वकील, एक विचारू? ते कौन्सिलात मांडणार आहेत ते आधी, की इथे बिऱ्हाड मांडणार आहेत ते?"

* * *

मुंबईचा कायदा मुदतीचा होता. मुदत वाढत वाढत गेली आणि एकदाची संपली. ती बातमी घेऊनच मी त्या दिवशी जेवायला बसलो. पानावर व्यवहाराचं बोलायचं नाही हा नियम, म्हणून पंगत उठेपर्यंत गप्प राहिलो. हात धुताना तात्यांना म्हटलं, "कळलं का? मुंबईचा भाड्याचा कायदा संपला."

"म्हणजे कसा संपला?"

"मुदत होती. भरली."

तात्यांनी चूळ भरली, पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "म्हणजे तो कायदाही भाड्यानेच राहत होता म्हणा की!"

सगळं अंगण हसलं. मीही हसलो असतो, पण त्या बोलण्यात इतकं खरं होतं की हसू आलं नाही. कायदा असावा तर घराच्या पायासारखा असावा. दर वर्षा-दोन वर्षांनी मुदत वाढवून मागणारा कायदा हा स्वतःच भीत भीत राहणारा बिऱ्हाडकरू. तो दुसऱ्याला काय आसरा देणार! हे मी त्या रात्री मसुद्याच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की या कायद्याला मुदत नसावी.

पुढे शिमग्याला गणपतराव आले ते ट्रंक घेऊन. बकरीवाल्या मालकाने त्यांना रीतसर, सभ्यपणे बाहेर काढलं होतं. ते मुंबईत एका मित्राच्या खोलीत, जिन्याखाली झोपत होते. ट्रंक राधाबाईंच्या माजघरात ठेवून ते पुन्हा बोटीने गेले. आता दोघांचं मिळून एकच छप्पर उरलं होतं, आणि ते तात्यांचं होतं.

* * *

वैशाख लागला. कोर्टाला सुट्टी पडली. एका सकाळी खानावळीच्या छपरावर धर्मा चढला आणि दुपारपर्यंत माजघरावरची सगळी कौलं खाली उतरवून, भिंतीला टेकवून, नीट रचून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला.

तात्या येऊन हळहळले. "काय करू हो राधाबाई! दुसऱ्याचा हात या घराला लागलेला नाही." मेंबरसाहेबांचं बिऱ्हाड पुढच्या हंगामात यायचं आहे, हे आळीत सर्वांना ठाऊक होतं. त्यातलं अक्षरही ते बोलले नाहीत.

मी पेटलो होतो. राधाबाईंना म्हटलं, "आपण दावा लावू! कोर्ट उघडल्याबरोबर!"

"कोर्ट कधी उघडतं?"

"जूनमध्ये."

राधाबाईंनी वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं. "तुम्ही दाव्याचं बघा," त्या म्हणाल्या. "मी तोवर भात टाकते."

आणि त्यांनी खरोखर काही बदललं नाही. पानं माजघरातच मांडली, रोजच्या जागी, कोर्टाच्या सुट्टीतल्या नेहमीच्या वेळी, ऐन बारा वाजता. तात्याही रोज येत राहिले. न येऊन करतात काय? कौलं परतायला काढली आहेत, त्यात विशेष ते काय, असं त्यांनीच सर्वांना सांगितलं होतं. रोजची जागा सोडली तर त्या बोलण्यातली हवा गेली असती. पहिल्या दिवशी आम्ही सगळे कसेबसे, भाजत, भराभर जेवून उठलो. दुसऱ्या दिवशीही तसंच.

धर्माही यायचा. काम संपलं नव्हतं, तेव्हा रिवाजाप्रमाणे दुपारचं जेवण याच घरचं. तो परसात फणसाखाली बसायचा. तो आमच्या पंगतीत का बसत नाही, या गोष्टीवर माझ्या एवढ्या जाड मसुद्यात एकही कलम नव्हतं, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा दिसलं. राधाबाई त्याच्यापुढे तांदळाची पातळ पेज आणि मीठ ठेवायच्या.

"बाय, वाईच भात..." धर्मा म्हणायचा.

"तापात भात?" राधाबाई घाबरून म्हणायच्या. "नको रे बाबा, बाधेल. पेज घे. तापकऱ्याला पेजच चांगली."

धर्मा गडी थोराड. कौलं चढवणारा. दोन वाडगे पेज म्हणजे त्याला ओठ ओले केल्यासारखं. आतून आमटीच्या फोडणीचा वास यायचा, तळलेल्या मिरगुंडांचा यायचा, आणि धर्मा वाडग्यात बघत बसायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "कसा आहे ताप?" तर म्हणाला, "ताप काय जात न्हाय, वकीलसायब. पर पेजेनं मानूस खंगतो."

मग तो दिवस आला. ऊन असं, की पाटाला हात लावला तर चटका बसावा. भिंतीची सावली चोरासारखी भिंतीलाच चिकटलेली. आम्ही उघड्या डोक्याने पानांवर बसलो. मी छत्री आणली होती, ती उघडायला गेलो.

"पानावर छत्री?" तात्या म्हणाले. "वकील, शोभतं का हे?"

मी छत्री मिटली. राधाबाईंनी भात वाढला. आम्ही जेवू लागलो.

भराभर जेवलो. ताक झालं, हात थांबले. तात्यांनी पंच्याकडे हात नेला, तेवढ्यात त्यांची नजर पंगतीच्या टोकाला गेली. दामले मास्तर पहिल्या भाताच्या मध्यावर होते.

कोणी काही ठरवलं नव्हतं. निदान मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. आधीचे दिवस मास्तरांनी आमच्याबरोबर घाई केली होती. आज ते त्यांच्या नेहमीच्या चालीवर आले होते, किंवा नेहमीपेक्षाही जरा खालच्या. एकेक शीत जणू मुलांच्या पाटीवरचं गणित असावं तसं तपासून उचलत होते.

"मास्तर, आमटी?" राधाबाईंनी विचारलं.

"थोडी," मास्तर म्हणाले.

तात्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, नाकावरून पानावर. शेंडीखालचा डोक्याचा भाग पिकल्या रातांब्यासारखा लाल झाला. पण पंगत ती पंगत! ज्याने तिचे नियम घातले, त्या माणसाने ती मोडायची कशी? मी तर हात वाळवत, अगदी आज्ञाधारकपणे बसून होतो. माझी त्या दिवशी कुठे केस नव्हती.

"मास्तर, अजून भात?"

"हो. निम्मा."

निम्मा भात आला. मास्तरांनी त्याचं आळं केलं. आळ्यात वरण घातलं. तात्यांनी डोळे मिटले, उघडले, आभाळाकडे पाहिलं. वर एक घार फिरत होती, तिलाही बहुधा ऊन लागत असावं.

"मास्तर," तात्या अगदी हळू म्हणाले, "आज जरा रेंगाळलात."

मास्तरांनी घास संपवला. मग म्हणाले, "घाईने जेवलेलं अंगी लागत नाही, असं आपणच सांगता, तात्या."

"ताक वाढू का तात्या तुम्हाला?" राधाबाईंनी विचारलं. "उन्हाचं बरं असतं."

तात्यांनी ताक घेतलं. प्यायले. पुन्हा घेतलं. मास्तर लोणच्याची फोड चोखत होते. परसातून फणसाखालून वाडग्याच्या तळाला बोट घासल्याचा आवाज येत होता.

तात्यांनी मान वळवली. दारातून धर्मा दिसत होता. रिकामा वाडगा मांडीवर घेऊन तो आमच्या पानांकडे बघत होता.

"धर्मा," तात्या म्हणाले. आवाज कोरडा पडला होता. "ताप कसा आहे रे तुझा? कधी उतरेल?"

धर्मा उठून उभा राहिला, हात जोडले.

"तुमी सांगाल तवा उतरंल, तात्या."

माजघरात कोणी हसलं नाही. राधाबाई ताकाचं भांडं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. तात्यांनी पंगतीकडे पाहिलं, रचून ठेवलेल्या कौलांकडे पाहिलं, आणि मग डोक्यावरच्या त्या उघड्या आभाळाकडे पाहिलं.

"उतरला," ते म्हणाले. "राधाबाई, त्याला भात वाढा. जेवून चढेल तो."

दामले मास्तरांनी शेवटचा घास तोंडात घातला, आणि पंगत उठली.